बालवाडीच्या अंगणात पुरायला कुठलं लाकूड टिकेल?

बालवाडीताई: आम्ही चिपळूणजवळ. मुलांना बसायला ओंडके आणि उड्या मारत जायला गोल ठोकळे लावायचेत. मागच्या वेळी तोडलेला आंबा फुकट मिळाला म्हणून तोच पुरला, दोन पावसाळ्यात खालून नुसता भुसा, एक ठोकळा तर पोरगी चढली तसा कलंडला, नशीब लागलं नाही. वखारवाला सागाशिवाय बोलत नाही, सागच घ्यावा लागेल का?

जुनेवासे: आंबा फळ्यांना नि खोक्यांना ठीक, मातीत नाही ओ ताई. ऐन, किंजळ बघा, आपल्याकडची जुनी घरं त्यावरच उभी आहेत. आणि नावावर जाऊ नका, कापलेलं तोंड बघा. कोवळ्या सागात गडद गाभा थोडाच, भोवती सगळं पांढरं, ते वाळवीला आयतं जेवण. पांढरं तासूनच घ्या.

रंधा_पटाशी: +१. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत गाभ्याचे खुंटे अर्धे मातीत पुरून बघतात, सरासरी 120 महिने किंवा जास्त टिकलं तर पहिला वर्ग, 60 च्या आत गेलं तर तिसरा. साग पहिल्यात, आंबा तिसऱ्यात. पण लाकूड कुजतं ते जमिनीलगत, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात, म्हणून सिमेंटच्या खड्ड्यात बसवू नका, पाणी तुंबतं. खाली खडी, भोवती खडी ठासून, वरचं तोंड किंचित उतरतं. बसायचे ओंडके तर पुरूच नका, चिऱ्याला खाच पाडून त्यावर आडवे बसवा, घरंगळणार नाहीत. जुन्या घरांचे खांब दगडावरच असायचे की.

पक्या_७८: रेल्वेचे जुने स्लीपर स्वस्तात मिळतात, ते चालतील का?

रंधा_पटाशी: मुलांसाठी अजिबात नको. बऱ्याच स्लीपरना क्रिओसोट नावाचं डांबरी तेल मारलेलं असतं, उन्हात ते काळं तेल वर येतं, हाताला कपड्याला लागतं. आर्सेनिकवालं हिरवट ट्रीटमेंटचं लाकूडही नको, अमेरिकेत घरच्या झोपाळ्या-घसरगुंड्यांसाठी ते 2003 च्या शेवटी बंद केलं.

बालवाडीताई: गावात एक पडकं घर उतरवतायत, ऐनाचे चार खांब देतो म्हणाले! एकावर हातोडी मारली तर बुडाशी बद्द वाजतंय, वर खणखणीत. आणि शेवाळाचं काय?

जुनेवासे: घेऊन टाका. बद्द वाजतंय तेवढं, वर अजून वीतभर कापून फेका, बाकीचे ठोकळे होतील. करवत लावायच्या आधी खिळे उपसा, आमच्या मिलवाल्याचं पातं गेलं होतं नि शिव्या मी खाल्ल्या. शेवाळाला तारेचा ब्रश, आणि ऐन पावसात पोरांना ठोकळ्यांवर सोडू नका.