जुलाबात उसाचा रस पाजणाऱ्यांनो, थांबा जरा

कृष्णाकाठ_सांगली: काल ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की जुलाब लागले तर ओआरएस-बिओआरएस काही नको, उसाचा रस दोन ग्लास मारा, नैसर्गिक ग्लुकोज आहे, लगेच तरतरी. खाली अंगठ्यांची रांग. काय राव! रसात शंभराला बारा-पंधरा साखर, आणि आतड्यात एकदम एवढी साखर गेली की ती अंगातलंच पाणी आत ओढते, म्हणजे जुलाब थांबायचे सोडून वाढतात. ओआरएसमध्ये लिटरला ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम आणि सोबत मोजून मीठ, रसात साखर त्याच्या दहापट आणि मीठ नावाला. वर तो बर्फ. २०१८ पासून नियम आहे की खायचा नसलेला बर्फ निळा करायचा, मला तर आजवर निळी लादी कुठं दिसली नाही.

चरकवाला: दादा तुम्ही कधी रसवंतीवर उभे राहिलात का? आम्ही मीठ-लिंबू घालतो, म्हणाल तर बिनबर्फाचा देतो. माझा चुलता कावीळ झाली तेव्हा रसावरच होता, आज ऊस खांद्यावर वाहतोय.

मिरजेची_ताई: अहो काविळीचं इथं काय काढलंत? आणि कावीळ पण बऱ्याचदा घाण पाण्यातनंच येते हे चुलत्यांना सांगा. मी वॉर्डात काम करते, जत्रा झाली की आठवडाभर काय रांग लागते ते आम्हाला विचारा. रस पाजून आणलेलं पोर डोळे खोल गेलेलं असतं नि आई म्हणते थंडावा दिला. चिमूटभर मिठानं साखर कमी होत नाही भाऊ.

वाळवा_एक्सप्रेस: ओआरएस म्हणजे कंपन्यांचा धंदा. आमच्या आज्यानं पुडी बघितली नव्हती.

मिरजेची_ताई: कसली कंपनी? १९७१ ला पश्चिम बंगालात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीसांनी ग्लुकोज, मीठ, खायचा सोडा पाण्यात कालवून पाजलं, पटकीनं मरणारी माणसं वाचली. पुडी नको तर नको, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ घाला. आज्याची किती भावंडं जुलाबानं गेली ते पण विचारा घरी.

कराडचा_बागायतदार: मुद्दा वेगळाच आहे. पूर्वी रसाला ऊस कसला असायचा, आता चरकात २६५ नंबरची उसाची जात घालतात, तो पिऊन पोट बिघडणारच.

चरकवाला: २६५ चा नि पोटाचा काय संबंध ओ?

वाळवा_एक्सप्रेस: २६५ ला नावं ठेवू नका! आमची क्षारपड जमीन, ८६०३२ जातीचा ऊस तिथं पिवळा पडून बसतो, २६५ नं चार पैसे दाखवले. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची जात आहे, आपल्याच सातारा जिल्ह्यातली. कारखाना मात्र रिकव्हरी म्हणजे साखरेचा उतारा कमी म्हणून तोड मागं ढकलतो, मार्च उजाडला तरी ऊस उभाच.

कराडचा_बागायतदार: मग लावताच कशाला? आमचा ८६०३२ वेळेत जातो.

वाळवा_एक्सप्रेस: वेळेत जातो कारण तुमचा पाव्हणा कारखान्याच्या शेती खात्यात. आम्ही ऊसतोड टोळीला एन्ट्री, म्हणजे वरचे पैसे, दिली, ड्रायव्हरला दिली, वरनं जेवण, आणि कारखान्याच्या काट्यावर वजन बघितलं तर झीटच यायची बाकी. बाहेरनं वजन करून नेलं तर म्हणे खाली करून घेत नाही.

कृष्णाकाठ_सांगली: धागा जुलाबाचा आहे मालक.

वाळवा_एक्सप्रेस: ऊस आमचा आहे मालक. तुम्ही रस पिऊन मोकळे.

मिरजेची_ताई: बरा झाल्यावर प्या की, कोण अडवतंय. फक्त शी पाण्यासारखी होत असेल तेव्हा नको, आणि लहान पोराला तर नकोच. लघवी कमी झाली, झोपाळलं, की थेट दवाखाना.

चरकवाला: ठीकाय ताई, उद्यापासनं गिऱ्हाइकाला आधी विचारतो पोट कसंय, सर्टिफिकेट दाखवलं तरच ग्लास. उन्हाळ्यात चार महिन्यांचा धंदा, तो पण बुडवा. पोरांना नाही देणार, ते पटलं.

कराडचा_बागायतदार: पाव्हण्याचं कुणी सांगितलं तुम्हाला? खात्यात कुणी नाही आमचं. असला तरी लांबचा आहे.

वाळवा_एक्सप्रेस: झालं, निघाला पाव्हणा.