म्युक्यूना म्हणजे खाजकुइलीच का?

विचारणा: वेलींवरचा एक मजकूर मराठीत आणतोय. त्यात 'म्युक्यूना' ही शंभरेक जातींची प्रजाती (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) येते. सरसकट 'खाजकुइली' लिहिलं तर चालेल का? आणि शेंगेवरच्या केसांना काय म्हणावं: कुसं, कुसळं की लव?

उत्तर: प्रजाती आणि जाती हे शब्द तुम्ही नीट वापरलेत, बरं वाटलं. हिंदीतली 'प्रजाति' म्हणजे आपली 'जाती'. वर्तमानपत्रांत रोज घोळ होतो. खाजकुइली ही एक जाती, म्युक्यूना प्रुरिएन्स. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीयसने तिला आधी वालासारख्या वेलींबरोबर 'डॉलिकोस'मध्ये बसवलं होतं, 1825 मध्ये द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती म्युक्यूनात आणली. 'प्रुरिएन्स' म्हणजेच खाज आणणारी. 'म्युक्यूना' मात्र लॅटिन नाही, ब्राझीलमधल्या तुपी भाषेतला शब्द आहे. पूर्ण प्रजातीसाठी 'खाजकुइलीची प्रजाती' म्हणा.

'लव' नको. लव मऊ असते, गालावरची. कुसळ गवताचं. इथे 'खाजरे केस' किंवा 'कुसं' बरं. संस्कृतात 'शूकशिम्बी' आहेच: शूक म्हणजे कूस, शिम्बी म्हणजे शेंग.

आणखी एक: संस्कृत नावं वाचताना मजा येते. कपिकच्छू: कपी म्हणजे माकड, कच्छू म्हणजे खरूज. आत्मगुप्ता: स्वतःच स्वतःला राखणारी. हिंदीतलं 'केवाँच' कपिकच्छूवरूनच आलं, आणि ते इंग्रजांच्या तोंडी 'काउहेज', 'काउइच' झालं. त्यात गाय शोधू नका!

राखणही पक्की. केस टोचून तुटतात, आणि त्यांतलं म्युक्युनेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर त्वचेतल्या मज्जातंतूंना चाळवतं. ही खाज हिस्टॅमिनची, म्हणजे ॲलर्जीत शरीर सोडतं त्या रसायनाची नव्हे, म्हणून ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळीने फारशी थांबत नाही.

पहिल्या उत्तराला जोडून: पण नावातली खाज प्रत्येक शेंगेत असेलच असं नाही. याच जातीच्या लागवडीतल्या वाणांच्या शेंगांवर मखमल असते, ती खाजत नाही. हिरवळीच्या खतासाठी तेच पेरतात. उलट 'खाजकोलती' ऐकून फसू नका. ती एरंडाच्या कुळातली, तिची आग पानालाच.

प्रजातीची खूण मी फुलात शोधेन. पान त्रिदल, पण ते घेवड्याचंही असतं. फूल पतंगरूप, म्हणजे एक पताका, दोन पंख आणि खाली दोन पाकळ्या जुळून झालेलं नौतल. वाटाण्यात पताका मोठी, नौतल लहान. इथे नेमकं उलटं: नौतल लांब, त्याचं टोक चोचीसारखं कडक, आणि पताका आखूड. दहा पुंकेसर, नऊ जुळलेले व एक सुटा. परागकोशही दोन तऱ्हांचे.

विचारणाऱ्याकडून: 'पताका' शब्द इथे खटकतो. आखूड, तर फडकणार काय?

उत्तर: फडकत नाही, आरसा होते! मध्य अमेरिकेतल्या म्युक्यूना होल्टोनीची पताका आतून खोलगट असते आणि प्रतिध्वनीवरून वाट शोधणाऱ्या वटवाघळाचा आवाज त्याच्याकडे परत फेकते. संशोधकांनी तो खळगा कापसाने बुजवला तर वटवाघळं फारशी येईनात. ताज्या फुलावर वटवाघूळ टेकलं की नौतल फटकन उघडतं आणि पराग त्याच्या अंगावर उडतात. तरी शब्द 'पताका'च ठेवा, वनस्पतिशास्त्रात तो रुळलाय.