'टेक अ नी'ला मराठीत काय म्हणायचं? 'गुडघे टेकले' म्हटलं की घोटाळा होतोय

धागाकर्ती:
लेकीला शाळेत खेळाडूंवर एक पान लिहायला सांगितलंय, तिने कॉलिन कॅपर्निक निवडला. अमेरिकन फुटबॉलमधला सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक (म्हणजे बॉल हातात घेऊन चाल चालवणारा खेळाडू), २०१६ मध्ये निषेध म्हणून राष्ट्रगीताला उभा न राहता एका गुडघ्यावर राहणारा तो. तिने लिहिलं 'कॅपर्निकने राष्ट्रगीत चालू असताना गुडघे टेकले'. माझ्या आईने चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, शरण आला होय? कुणाला? आता काय सांगू, शरण आला नाही म्हणून तर एवढं रामायण झालं, त्या सीझननंतर एकाही टीमने त्याला परत मॅच खेळवली नाही. तर 'टेक अ नी'ला सुटसुटीत मराठी शब्द सुचवा, उद्यापर्यंत हवाय.

कुस्तीवाला:
आजी बरोबर आहेत. 'टेकणे' हे क्रियापदच आपल्याकडे हरलेल्यांचं आहे हो. हात टेकले, गुडघे टेकले, आखाड्यात पाठ टेकली, सगळीकडे खेळ खल्लास. अपवाद एकच, माथा टेकणे, तिथे भक्ती येते. माझं म्हणणं, अनेकवचन काढा आणि 'टेकले'चं 'टेकवला' करा. गुडघे टेकतात ते नाइलाजाने, गुडघा टेकवतो तो माणूस स्वतः ठरवून. एका 'व'ने काम होतंय बघा.

कोकणातली:
आमच्याकडे गुडघ्याला ढोपर म्हणतात. 'ढोपर टेकवलं' म्हटलं तर शरणागती वगैरे काही डोक्यात येत नाही, फार तर खरचटलं का एवढंच विचारतील :)

न्यूजर्सीकर:
ढोपर भारी आहे पण शाळेत चालेल का? असो. इथे राहून एवढी वर्षं हा खेळ बघतोय म्हणून एक गंमत सांगतो, 'टेक अ नी' हा शब्द कॅपर्निकच्या आधीपासून याच खेळातला आहे. मॅच संपत आली आणि आपली टीम पुढे असली की क्वार्टरबॅक बॉल हातात घेऊन नुसता एक गुडघा जमिनीला लावतो, चाल तिथेच संपते आणि घड्याळ पळत राहतं. म्हणजे तिकडे जिंकत असलेला गुडघा टेकतो, आपल्याकडे हरणारा!

आणि कॅपर्निक आधी गुडघ्यावर नव्हताच, तो राष्ट्रगीताला बाकावर बसून राहायचा. मग नेट बॉयर नावाचा माणूस, आधी लष्कराच्या स्पेशल फोर्सेसमध्ये होता आणि नंतर थोडा फुटबॉलही खेळला, त्याला भेटला, आणि बोलता बोलता त्यानेच सुचवलं की बसण्यापेक्षा गुडघ्यावर राहा, सैनिक गेलेल्या साथीदाराच्या कबरीसमोर तसेच राहतात. १ सप्टेंबर २०१६ ला सॅन दिएगोच्या मॅचला तो तसा राहिला, सोबत टीममधला एरिक रीड. म्हणजे मूळ भाव वरच्या 'माथा टेकणे'च्या जवळचा निघाला की. पण लोकांनी वाचला अपमान.

क्रिकेटवेडा:
आपल्या टीमनेही केलंय हे, वर्णद्वेषाच्या निषेधात. २४ ऑक्टोबर २०२१, दुबई, टी२० वर्ल्ड कपची भारत-पाकिस्तान मॅच, आपले ओपनर मैदानात आणि बाकीचे बाउंड्रीबाहेर एका गुडघ्यावर, पाकिस्तानवाले छातीवर हात ठेवून उभे. मग आपण दहा विकेटनी हरलो, त्यामुळे त्या दिवशी 'भारताने गुडघे टेकले' हे मराठीत दोन्ही अर्थांनी खरं होतं 😭

(ते राष्ट्रगीताच्या वेळी नव्हतं, मॅच सुरू व्हायच्या आधी होतं, आधीच सांगतो नाहीतर कुणीतरी येईल चूक काढायला. आणि दोनच दिवसांनी दक्षिण आफ्रिकेच्या बोर्डाने सगळ्यांनी गुडघ्यावर यायचंच असा हुकूम काढला तेव्हा क्विंटन डी कॉक मॅचच खेळला नाही, नंतर माफी मागून पुढच्या मॅचला गुडघ्यावर आला. हुकमाने केलेल्याला निषेध म्हणायचं की कवायत, ही पण शब्दचर्चाच झाली.)

जुना वाचक:
हा घोळ गुडघ्यापुरता नाही. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमधला तो फोटो आठवा, २०० मीटरचं पदक घेताना अमेरिकेचे टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस, काळा हातमोजा घातलेली मूठ वर, पायात बूट नाहीत, नुसते काळे मोजे, कृष्णवर्णीयांच्या गरिबीची खूण म्हणून. कार्लोस आपले हातमोजे विसरून आला होता म्हणून एकच जोडी दोघांत वाटली, एकाचा उजवा हात वर आणि दुसऱ्याचा डावा. आता या फोटोत दोघांच्या माना खाली आहेत. मराठीत 'मान खाली घातली' लिहा, लगेच वाटणार लाज वाटली! तिथे लाजेचा संबंध काय. मी तरी 'मान झुकवून' असं लिहीन. रौप्यपदकवाला ऑस्ट्रेलियाचा गोरा पीटर नॉर्मन, त्याने मूठ वर केली नाही पण त्या दोघांसारखाच मानवी हक्कांचा बिल्ला छातीवर लावला. तो २००६ मध्ये गेला तेव्हा स्मिथ आणि कार्लोसनी त्याला खांदा दिला. ह्या 'खांदा दिला'ला मात्र मराठीत काहीच अडचण नाही, जसाच्या तसा बसतो.

कुस्तीवाला:
परत येतोय कारण खरी गोम 'टेकणे'त नाहीच असं आता वाटतंय, ती षष्ठीत आहे. 'राष्ट्रगीताचा निषेध' आणि 'राष्ट्रगीताच्या वेळी निषेध'. कॅपर्निकचा निषेध होता पोलिसांकडून कृष्णवर्णीयांवर होणाऱ्या अत्याचाराचा, राष्ट्रगीत ही फक्त वेळ होती. २०१७ मध्ये ट्रम्पनी भाषणात अशा खेळाडूंना हाकला म्हटलं तेव्हा तो 'च्या वेळी' गळून पडला आणि सगळं भांडण झेंड्यावर जाऊन बसलं. म्हणून लेकीला सांगा, कशाचा निषेध ते त्याच वाक्यात आलं पाहिजे, पुढच्या वाक्यावर ढकलायचं नाही.

कोकणातली:
+१. आणि वर्णद्वेष लिहा, वर्णभेद नको. भेद म्हटलं की नुसता फरक वाटतो, गोरा-सावळा लग्नाच्या जाहिरातीसारखा.

न्यूजर्सीकर:
वर्णद्वेषात पण 'वर्ण' आहेच ना, आपल्याकडे त्या शब्दामागे चार वर्ण उभे राहतात. वंशद्वेष जास्त नेमका. पण पेपरवाले वर्णद्वेषच लिहितात, आता तो बदलणार नाही.

धागाकर्ती:
थँक्यू सगळ्यांना. लेकीने शेवटी असं लिहिलं: 'राष्ट्रगीताच्या वेळी कॅपर्निकने एक गुडघा जमिनीला टेकवून पोलिसांच्या वर्णद्वेषी अत्याचाराचा निषेध केला.' ढोपर तिला फार आवडलं होतं पण बाई कापतील म्हणाली. आईला परत वाचून दाखवलं. आता तिचं म्हणणं, पोलिसांनी काय केलं होतं ते लिहिलंच नाही की. लेक पुन्हा वही घेऊन बसलीय.