मदत हवी: मधुमेहाच्या गोळीबरोबर गुळवेलीचा काढा चालेल का?

गंगापूररोड_नाशिक:
नमस्कार. सासरे ६८ वर्षांचे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू. जॉगिंग ट्रॅकबाहेर मिळणारा गुळवेल-कारल्याचा रस रोज उपाशीपोटी घेतात. आता कुंपणावरच्या वेलीचा काढाही करायचा म्हणतात. प्रमाण किती? वेल खरी गुळवेलच आहे हे कसं ओळखायचं?

रानवाट:
आधी वेल पाहा. गुळवेलीचं खोड हिरवट, त्यावर गाठी-पुटकुळ्या नसतात, कापल्यावर पांढरा चीक येत नाही. क्रिस्पा (टिनोस्पोरा क्रिस्पा) नावाची तिच्याच कुळातली वेल दिसायला तशीच, पण खोड करडं, खडबडीत, पुटकुळ्यांनी भरलेलं आणि चीक दुधाळ. पानं दोन्हींची बदामाच्या आकाराची, त्यामुळे नुसत्या पानांवर जाऊ नका. शंका असेल तर वापरूच नका.
काढ्याची जुनी रीत: २० ग्रॅम ठेचलेलं खोड, १६ पट म्हणजे ३२० मिली पाणी, मंद आचेवर झाकण न ठेवता ८० मिली उरेपर्यंत. पण हे सासऱ्यांना लगेच देऊ नका, खालचं वाचा.

काढापुराण:
अडचण ग्लिमेपिराइडची आहे. ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवते, आणि गुळवेल, कारलं दोन्ही साखर उतरवतात. त्यात उपाशीपोट! घाम, थरथर, धडधड झाली की लगेच रक्तातली साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा मोजणी. नुसतं मेटफॉर्मिन असतं तर हा धोका बराच कमी.
दुसरं यकृत. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचं सांगून वनस्पती ओळखण्यातल्या चुकीकडे बोट दाखवलं. वाद काहीही असो, काही प्रकारचे थायरॉइड, संधिवात असे स्वप्रतिकाराचे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असे) आजार असतील तर गुळवेल टाळावी हेच बरं. लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज, अन्नावरची वासना जाणं, यातलं काही दिसलं तर रस थांबवून एसजीपीटीसह (यकृताची सूज दाखवणारी रक्तचाचणी) यकृताची तपासणी करा.

गंगापूररोड_नाशिक:
थायरॉइडची गोळी आहे त्यांना. मग रस एकदम बंद करू की हळूहळू?

काढापुराण:
एकदम. रस सोडताना टप्पे लागत नाहीत. मधुमेहाची गोळी मात्र स्वतःहून बदलू नका; रस थांबल्यावर साखर चढू शकते, म्हणून आठवडाभर सकाळची उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची नोंद ठेवून डॉक्टरांना दाखवा. प्रतिबंधच हवा असेल तर त्यांना फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल विचारा, शिवाय वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासून घ्या.