होमस्टेचं उत्पन्न आईच्या नावाने दाखवता येईल का? घर बाबा आणि काकांच्या नावावर आहे

गुहागरची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण तपशील दिल्याशिवाय कळणार नाही.

गुहागरला खालच्या पाटात आमचं घर आहे. आजोबांनी मृत्युपत्रात ते बाबा आणि काका दोघांना निम्मं-निम्मं दिलं. घरपट्टीच्या उताऱ्यावरही दोघांची नावं आहेत. बाबा निवृत्त शिक्षक, पेन्शन येते. काका डोंबिवलीला, अजून नोकरीत, आयकराच्या ३० टक्क्यांच्या टप्प्यात. व्याडेश्वर पुष्कळांचं कुलदैवत, त्यामुळे दर्शनाला आलेली कुटुंबं रात्रीपुरती जागा मिळेल का विचारायची. त्यातून आईने माडीवरच्या दोन खोल्या द्यायला सुरुवात केली. खोलीला रात्रीचे १,५०० आणि जेवणाचं ताट २०० रुपये. मोदक आधी सांगून ठेवले तरच.

२०२५-२६ मध्ये एकूण २,१०,००० आले. त्यातले १,६०,००० यूपीआयने आईच्या खात्यात, बाकी रोख. किराणा, गॅस, मदतीला येणाऱ्या ताईंचा पगार, चादरींची धुलाई वगैरे जाऊन १,१०,००० च्या आसपास उरले. हे सगळं तिच्या वहीत आहे. लाल पुठ्ठ्याची वही, एका ओळीत तारीख, माणसं, खोली, ताटं, आणि शेवटी ‘रोख’ किंवा ‘फोन’.

माडीवर दुसरं न्हाणीघर बांधायचंय, त्या कर्जासाठी बँकेने आयकर विवरणपत्र मागितलं. काका म्हणतात, घर आपल्या दोघा भावांचं, तेव्हा तू दादाच्या पेन्शनमध्येच मिळवून दाखव. मला ते पटत नाही. पहाटे उठून आंबोळ्या घालते आई, फोन घेते आई, रात्री दहाला पोचलेल्या पाहुण्यांना गरम आमटी-भात वाढते तीच. हे उत्पन्न तिचं आहे आणि कागदावरही तिचंच दिसायला हवं. कायद्याने असं करता येतं का? आणि आता घर खोल्या बुक करायच्या ॲपवरही टाकायचंय, तिथे पॅन कुणाचं द्यायचं?

हिशेबी_ठाणेकर

ताई, जपून. २०२४ च्या जुलैच्या अर्थसंकल्पानंतर नियम बदललाय. राहतं घर किंवा घराचा भाग भाड्याने दिला की ते उत्पन्न धंद्याखाली दाखवता येत नाही, ‘घरमालमत्तेपासूनचं उत्पन्न’ म्हणूनच दाखवावं लागतं. भरलेली घरपट्टी वजा, उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजा. आणि मालक दोघे, हिस्से ठरलेले, म्हणजे कलम २६ प्रमाणे निम्मं बाबांच्या आणि निम्मं काकांच्या उत्पन्नात. काकांनी एक रुपया घेतला नसला तरी.

जमाखर्च_रत्नागिरी

मी करसल्लागार आहे, कोकणातल्या होमस्टेवाल्यांची कामं बरीच करतो. ठाणेकरांनी सांगितलेली दुरुस्ती खरी आहे, पण तिच्यातला एक शब्द त्यांच्या नजरेतून सुटला. ती *मालकाने* दिलेल्या घराबद्दल आहे. घरमालमत्ता हे शीर्षकच मालकापुरतं असतं. आई मालक नाहीत. त्या खोली देतात, जेवण देतात, अंथरूण-पांघरूण, साफसफाई, सगळी उस्तवार करतात, पैसे त्यांच्या खात्यात येतात. हा त्यांचा व्यवसाय आहे आणि तो त्यांच्याच नावाने दाखवायचा.

एक धोका मात्र आहे. नुसत्या खोल्या दिल्या, सेवा काही नाही आणि पैसे तेवढे बायकोच्या खात्यात वळवले, तर आयकर खातं म्हणू शकतं की मालमत्ता नवऱ्याची आणि उत्पन्नही त्याचंच. म्हणून यंदापासून साधा भाडेकरार करा. माडीसाठी आईंनी महिन्याला बाबांना १,००० आणि काकांना १,००० बँकेतून द्यायचे. काकांचे वर्षाचे १२,०००, ३० टक्के वजा जाता ८,४०० करपात्र, त्यावर उपकरासह साधारण २,६२० रुपये कर. म्हणजे काकांच्या हातात नऊ हजारांहून जास्त उरतात आणि त्यांची काळजीही मिटते. मागची तारीख टाकून गेल्या वर्षाचा करार मात्र अजिबात करू नका. गेल्या वर्षासाठी दोघा भावांनी आजच्या तारखेने लिहून द्यावं की माडी वापरायला आमची संमती होती. वही आणि बँकेचा उतारा जोडीला आहेच.

आता विवरणपत्र. आईंसाठी आयटीआर-४ हा फॉर्म, आणि छोट्या व्यवसायांसाठीचं कलम ४४एडी. यात बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरतात. तुमच्या आकड्यांवर ९,६०० अधिक ४,००० म्हणजे १३,६०० होतात. पुष्कळ जण एवढंच दाखवून मोकळे होतात. ते चुकीचं आहे. हे टक्के किमान आहेत, प्रत्यक्षात जास्त उरलं असेल तर जास्तच दाखवायचं. १,१०,००० उरले ना, मग १,१०,०००. नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे कर शून्यच. आणि १३,६०० नफा दाखवणाऱ्या बाईंना न्हाणीघरासाठी कर्ज कोण देईल?

चार लाखांच्या आत असल्यामुळे त्यांना विवरणपत्र भरणं खरं तर सक्तीचं नाही. तरी भरा. ४४एडी घेतल्यावर ते मध्येच सोडलं तर पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही, एवढं ध्यानात असू द्या. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला असला तरी २०२५-२६ चं विवरणपत्र १९६१ च्या कायद्याप्रमाणेच जाईल. त्यामुळे मी दिलेली कलमं चालतील.

तारकर्लीची_मावशी

लेकी, ॲपवर पॅन आईचंच दे आणि खातंही तिचंच. घरातल्या पोरांचा फोन हाताशी असतो म्हणून त्यांचं पॅन टाकायचा मोह होतो, मग ते उत्पन्न पोरांच्या एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या वार्षिक माहितीपत्रकात) दिसायला लागतं आणि उत्तरं देत बसावं लागतं. व्यक्तीच्या नावाने धंदा असेल, पॅन दिलेलं असेल आणि त्या ॲपवरून वर्षाला पाच लाखांच्या आत येत असेल, तर ॲपवाले टीडीएस कापत नाहीत. वीस लाखांच्या आत जीएसटी नोंदणीही लागत नाही. ॲपवरून आलेल्या खोलीचा जीएसटी ॲपवालेच भरतात.

आईची वही बंद करू नका. फक्त ताटांचे पैसे आणि खोलीचे पैसे वेगळ्या रकान्यात लिहायला सांग, आणि रोख आठवड्याच्या आठवड्याला बँकेत भरायला सांग. आमच्याकडे मे महिन्यात रोख साठते, मग कुठली कुणाची ते आठवत नाही.

गुहागरची_लेक

जमाखर्च, मावशी, मनापासून आभार. काकांना आत्ताच फोन केला, भाड्याचा हिशेब वाचून दाखवला, ते तयार आहेत. एकच शंका राहिली. आई परसातल्या कोकमाच्या आगळाच्या (खारवलेल्या रसाच्या) बाटल्याही पाहुण्यांना विकते, ते यातच धरायचं का?

जमाखर्च_रत्नागिरी

हो, बाहेरच्या लोकांनाही विकत असल्या तरी त्याच ४४एडीच्या उलाढालीत मिळवा. वहीत तिसरा रकाना आखा.