‘फोर्थ विंग’ आवडलं म्हणजे वाचनाची अक्कल नाही?

निळी_शाई
काल इथे तळटीप यांनी लिहिलं की रेबेका यारोसचं ‘फोर्थ विंग’ (ड्रॅगनवर बसून लढायला शिकवणाऱ्या कॉलेजची अद्भुत कादंबरी) ज्यांना आवडतं त्यांनी आयुष्यात धड पुस्तक वाचलेलंच नसतं, रील बघून पुस्तकं घेणारी पिढी वगैरे, आणि खाली ढिगाने अंगठे. रात्रभर तेच डोक्यात होतं म्हणून सविस्तर लिहिते.

माझे खांदे निखळतात. लहानपणापासून. वरच्या फळीवरचा डबा काढताना निखळतात, झोपेत कूस बदलताना निखळतात. शाळेत पीटीच्या तासाला सगळ्यांसमोर ‘नाटकं करते’ हे ऐकलंय, आणि एका डॉक्टरांनी तर आईला सांगितलं की मुलीचं लग्न करा, लक्ष दुसरीकडे जाईल. वयाच्या २६ व्या वर्षी कळलं की याला एलर्स-डॅनलॉस म्हणतात, सांधे सैल राहण्याचा जन्मजात आजार. यारोसला स्वतःला हाच आजार आहे. पुस्तकात नाव कुठे येत नाही, पण नायिका व्हायलेट लढाईआधी सांधे बांधते, पायरी चुकली की गुडघा जाईल म्हणून आधीच हिशोब करते, ते वाचताना मला पान मिटून बसावं लागलं. शक्ती पुरत नाही म्हणून ती लढतीच्या आधी समोरच्याला विष घालते. आणि मुख्य म्हणजे ती बरी होत नाही. ड्रॅगन मिळाला आणि हाडं ठणठणीत झाली असं होत नाही, तिला पाठीवर टिकता यावं म्हणून खोगीर लागतं. इतकी वर्षं वाचतेय, माझं शरीर असलेली नायिका मला पहिल्यांदा भेटली. आता सांगा मला अक्कल नाही म्हणून.

तळटीप
तुमच्या त्रासाबद्दल वाईट वाटलं, पण पुस्तक चांगलं आहे का हा प्रश्न वेगळा आहे आणि तुम्ही तो सोडवलेला नाही. मी पूर्ण वाचलंय. नायिका मरणाच्या दारात कॉलेजात शिरायच्या त्या अरुंद पॅरापेटवरून, म्हणजे उंच कठड्यावरून, चालतेय आणि मन शांत ठेवायला राज्याचा इतिहास-भूगोल पाठ म्हणते, म्हणजे लेखिकेला माहिती द्यायची होती ती तिनं तिथे ओतली. सीमेवर युद्ध चालू आहे, माणसं कमी आहेत, आणि हे कॉलेज आपलेच विद्यार्थी मारतंय, कुठलं सैन्य असं करेल? सगळ्यांना एक ड्रॅगन, हिला दोन. नायक झेडनच्या बापाला हिच्या आईच्या बाजूने मृत्युदंड दिला, तो हिचा वैरी, आणि ह्या दोघांचेच ड्रॅगन नेमके एकमेकांचे जोडीदार! मालिकावाल्यांनासुद्धा इतका योगायोग सुचत नाही. तिसरा भाग जानेवारी २०२५ मध्ये आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात २७ लाख प्रती गेल्या हे मलाही माहितीय. खप म्हणजे दर्जा नाही.

दोन_पोरांची_आई
तुमचं साहित्य बाजूला ठेवा हो. मी हे पुस्तक माझ्या १३ वर्षांच्या मुलीला वाढदिवसाला दिलं. दुकानात मुलांच्या कप्प्याशेजारी होतं, काळ्या रंगवलेल्या कडा, ड्रॅगन, काउंटरवरचा मुलगा म्हणाला ‘टीनेजर हेच नेतात मॅडम’. अर्ध्यानंतर त्यात काय काय आहे ते मला नणंदेने सांगितलं. मी लाजेने आणि रागाने लाल. यंग अडल्ट यंग अडल्ट, म्हणजे किशोरवयीनांचं, म्हणत सगळे विकतायत, कुणी एक अक्षर बोलत नाही.

निळी_शाई
ताई, ते यंग अडल्ट नाहीच. प्रकाशकानं मोठ्यांसाठीच काढलंय, व्हायलेट २० वर्षांची आहे. चूक दुकानाची आहे, पुस्तकाची नाही.

दोन_पोरांची_आई
आणि रील करणाऱ्या पोरींची? टिकटॉक २०२० मध्ये बंद झालं तरी इथे इन्स्टावर तेच. एकीने तरी वय सांगितलं का?

निळी_शाई
नाही सांगितलं. तेवढं मान्य.

खान्देशची_लेक
मला पुस्तक आवडलं होतं, मग एका गोष्टीने उतरलं. व्हायलेटचा ड्रॅगन टेर्न, त्याचं पूर्ण नाव टेर्नेनाख, हा स्कॉटिश गेलिक शब्द आहे, अर्थ मेघगर्जना. अशी बरीच नावं तिथून उचललीत. २०२३ मध्ये एका मुलाखतीत लेखिकेनं ती उच्चारली तेव्हा गेलिक बोलणारे म्हणाले उच्चार चुकलेत, आणि पुस्तकातसुद्धा शब्दांची मोडतोड आहे. २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये ही भाषा बोलणारे जेमतेम ७० हजार. त्यांची भाषा फक्त नावं भारी वाटावीत म्हणून.

तळटीप
एका उच्चारावरून इतकं? मी कथानकाचे एवढे दोष दाखवले त्यावर कुणी बोलत नाहीये.

खान्देशची_लेक
इतकंच आहे, कारण तुम्हाला कधी सोसावं लागलेलं नाही. माझ्या घरात अहिराणी बोलतात. आई मला ‘मनी अंडेर’ म्हणून हाक मारते, त्यात जे आहे ते ‘माझी मुलगी’मध्ये येत नाही. मालिकेत अहिराणी कधी ऐकलीत? ऐकली असेल तर गड्याच्या तोंडी, हशा पिकवायला, आणि तीही चुकीची. पुण्यात हॉस्टेलवर मी फोनवर आईशी बोलायचे तर रूममेट मागे नक्कल करायची, मी शेवटी जिन्यात जाऊन बोलायला लागले. दोन वर्षं.

सदाशिवकर
प्रमाणभाषा नको का मग? प्रत्येकानं आपापली बोली लिहिली तर वाचणार कोण. हिंदी सिनेमात मराठी माणूस म्हणजे हवालदार नाहीतर मोलकरीण, आधी त्यावर भांडा.

खान्देशची_लेक
बरोब्बर! हिंदीवाल्यांनी तुम्हाला मोलकरीण केलं की तुम्हाला लागतं, तुम्ही आम्हाला गडी केलं की ती प्रमाणभाषा. स्वतःचं लिहिलेलं परत वाचा.

रेवंडीचो
मालवणीचं पण हेच झालंय. माझे वडील बोलायला लागले की लोक आधीच हसायच्या तयारीत असतात. ते एकदा आजोबा गेल्याचं सांगत होते, समोरचा तेव्हाही हसला.

सदाशिवकर
मी कुणाला हसलो नाही, माझ्यावर ढकलू नका. माझी आजी वऱ्हाडी बोलायची.

खान्देशची_लेक
आणि तुम्ही?

सदाशिवकर
नाही येत. वडिलांनी घरात बोलू दिली नाही.

जुना_ग्रंथपाल
मूळ विषयाकडे येतो. मराठीतली सुरुवातीची कादंबरी अशीच होती. ‘मुक्तामाला’ १८६१, ‘मंजुघोषा’ १८६८, राजपुत्र, सुंदऱ्या, संकटं, चमत्कार, योगायोग. लोकांनी आवडीनं वाचल्या आणि विद्वानांनी झोडपल्या. हरिभाऊ आपट्यांच्या वास्तववादी कादंबऱ्या आल्या तोवर वाचायची सवय लागलेला वाचक तयार होता, तो या अद्भुत गोष्टींनीच केला. तळटीप यांनी काढलेले दोष खरे आहेत, पण ते वाचणाऱ्यांची लायकी काढतात तिथे मी त्यांच्या विरुद्ध आहे. आमच्या वाचनालयात तीन वर्षं एकही कॉलेजची मुलगी फिरकत नव्हती, आता याच पुस्तकासाठी नावं लावून थांबतात.

तळटीप
थांबू देत. त्यातल्या किती जणी पुढे दुसरं काही घेतात ते सांगा.

जुना_ग्रंथपाल
मोजलं नाही. दोघी दुर्गाबाई घेऊन गेल्या, एवढं पाहिलंय.

तळटीप
खोगिराचं प्रकरण काल परत वाचलं. निळी_शाई, तुम्ही म्हणता तसं ते आहे, मी पहिल्यांदा वाचताना प्रेमाचा प्रसंग म्हणून भराभर पुढे गेलो होतो. ‘धड पुस्तक वाचलेलं नसतं’ हे वाक्य मागे घेतो. लेखन कच्चंच आहे, ते मत तसंच राहील.

निळी_शाई
राहू दे. दुसरा भाग मलाही ओढलेला वाटला, मधली दोनशे पानं तर नकोच होती.

दोन_पोरांची_आई
मी पुस्तक कपाटात कुलपात ठेवलंय. पण पोरगी दोन दिवस नीट जेवत नाहीये, टेर्नला पुढे काही होतं का एवढंच विचारते. काय सांगू?

निळी_शाई
पहिल्या भागात काही होत नाही त्याला. आज रात्री जेवतानाच सांगा.