सोलापूरहून मुंबईत उतरल्यावर : तुमचे अनुभव लिहा

जुळे सोलापूर

मुंबईला जाणं आपल्याकडं कुणाला नवीन नाही. रात्री साडेदहाच्या पुढं सिद्धेश्वर एक्स्प्रेस सुटते आणि सकाळी उजाडताना दादर येतं. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही आहे, ती सकाळी निघून दुपारी पोचवते. हे साडेचारशे किलोमीटर आरामात जातात. माणूस अडतो तो स्टेशनात उतरल्यानंतरच्या पाच-दहा किलोमीटरांत.

माझी भाची पुढच्या महिन्यात नोकरीसाठी तिकडं निघाली आहे. तिच्यासाठी आणि दवाखाना, परीक्षा, मंत्रालय, व्यापार अशा कामांनी जाणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा. पाकीट सांभाळा, जपून जा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुठं उतरलात, काय धरलंत, कुणाच्या सांगण्यानं काम सोपं झालं, ते वर आपल्या भागाचं नाव टाकून लिहा.

मी एवढंच सांगते. पत्ता घेताना नुसतं गल्लीचं नाव घेऊन भागत नाही. तीन गोष्टी विचारून घ्यायच्या: कुठली लाइन, कुठलं स्टेशन आणि पूर्व की पश्चिम. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून विरारकडं जाते, मध्य रेल्वे सीएसएमटीहून ठाणे-कल्याणकडं, हार्बर पनवेलकडं. पूर्व-पश्चिम म्हणजे रुळांच्या दोन बाजू. भलत्या बाजूला बाहेर पडलं की सामान घेऊन पुन्हा पूल चढायचा. लाइन, स्टेशन, बाजू, हे पत्त्याच्या डोक्यावरच लिहून ठेवा.

साखर पेठ

आप्पांना घेऊन टाटा कॅन्सर हॉस्पिटलला बरीच वर्षं जाणं-येणं झालं. जे अजून पहिल्यांदा निघायचे आहेत त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो, कारण या वाटेनं जाणाऱ्याच्या अंगात आधीच बळ नसतं.

टाटा परळला आहे, रुळांच्या पूर्वेला. केईएम आणि वाडिया ही हॉस्पिटलंही तिथंच. सिद्धेश्वरनं दादरला उतरायचं, सीएसएमटीपर्यंत जायचं नाही. पेशंटला चालवत नसेल तर दादर पूर्वेला बाहेर पडून सरळ टॅक्सी करा, अंतर थोडंच आहे. मीटर पडलाय ना, एवढं बघा. लोकलनंच जायचं असेल तर सीएसएमटीकडं जाणारी स्लो धरायची. दादरनंतर लगेच परळ. फास्ट लोकल परळला थांबत नाही, ती थेट भायखळ्याला जाते.

दादरला प्लॅटफॉर्मचा घोळ पूर्वी फार व्हायचा, कारण पश्चिमेचा एक नंबर वेगळा आणि मध्यचा एक नंबर वेगळा. डिसेंबर २०२३ मध्ये नंबर सलग केले: पश्चिम रेल्वेचे १ ते ७, मध्य रेल्वेचे ८ ते १४. त्याआधी जाऊन आलेल्या नातेवाइकांनी नंबर सांगितला तर तो धरू नका, तिथल्या पाटीवर बघा.

आता महत्त्वाचं. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी वेगळा छोटा डबा असतो, त्यात कॅन्सरच्या पेशंटलाही बसता येतं. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. परळच्या पुलाखाली एक मावशी गजरे विकायच्या. आप्पा कठड्याला धरून उभे होते, हातात केसपेपरची फाईल. त्या फाईलकडं बघून त्या उठल्या, आप्पांचा दंड धरला आणि प्लॅटफॉर्मवर तो डबा जिथं येतो तिथं नेऊन उभं केलं. म्हणाल्या, "बाबा, इथंच थांबायचं, पुढं-मागं नाही. आणि कागद वर ठेवायचा, पिशवीत नाही." तेव्हापासून फाईल कायम हातात. मेलगाडीच्या तिकिटातही कॅन्सरच्या पेशंटला सवलत मिळते, त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्यावा लागतो. पहिल्याच दिवशी मागून घ्या. परतीचं तिकीट काढायच्या वेळी तो हातात पाहिजे.

अशोक चौक

आमचा टॉवेल-चादरीचा व्यवहार, त्यामुळं क्रॉफर्ड मार्केट, मंगळदास आणि मशीद बंदर हा आमचा भाग. सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केट चालत दहा मिनिटांवर आहे. नवख्या माणसाला टॅक्सीत बसायची गरज नाही. रिक्षा शोधत तर बसूच नका, तिकडं रिक्षाला परवानगीच नाही. वांद्रे आणि शीव यांच्या अलीकडं, म्हणजे शहराच्या दक्षिण भागात, फक्त टॅक्सी.

बरोबर गठ्ठा असेल तर लोकलच्या मालडब्यात चढा. साध्या डब्यात गठ्ठा घेऊन शिरलं की लोकांना त्रास होतो आणि बोलणीही खावी लागतात. मालडब्यात कोळणी असतात, डबेवाले असतात, भाजीवाले असतात, आणि ते सामान वर घ्यायला स्वतःहून हात देतात. ज्यादा वजनाचं वेगळं तिकीट लागतं, ते आधी काढा.

कुमठा नाका

आम्ही सहा डिसेंबरला जातो. घरातली तिसरी पिढी आहे आता. चैत्यभूमी दादर पश्चिमेला, शिवाजी पार्कच्या पलीकडं, समुद्राला लागून. त्या दिवसांत रेल्वे जादा गाड्या सोडते, महापालिका शिवाजी पार्कवर मांडव, पाणी, दवाखान्याची सोय करते. रस्ता विचारायची वेळच येत नाही, सगळं दादर एकाच दिशेनं चालत असतं.

पण माणसं चुकतात. गर्दीत फोन लागत नाही, म्हणून आम्ही उतरल्या उतरल्या भेटायची जागा आणि वेळ ठरवतो. जागा अशी, की लहान पोरालाही सांगता येईल. पोरांच्या खिशात नाव, गाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. आमची आत्या एकदा रांगेत मागं राहिली, तिला लिहिता-वाचता येत नाही. स्वयंसेवक पोरीनं तिच्या ब्लाउजमधली चिठ्ठी वाचली आणि तिला मांडवात आणून सोडलं. निघायची घाई करू नका. रात्री दर्शन झाल्याबरोबर सगळे स्टेशनकडं लोटतात, पहाटेपर्यंत बसलं तर पूल मोकळा मिळतो. आणि पुस्तकांच्या स्टॉलसाठी वेळ राखून ठेवा. वर्षभराचं वाचन आम्ही तिथूनच आणतो.

होटगी रोड

परीक्षेला जाणाऱ्यांसाठी. ऑनलाइन परीक्षा बहुतेक वेळा शनिवार-रविवारी असतात, आणि रेल्वेचा मेगाब्लॉक रविवारी असतो. रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास फास्ट गाड्या स्लो ट्रॅकवरून धावतात, काही रद्द होतात. कुठल्या स्टेशनांच्या मध्ये आणि किती वाजता ब्लॉक आहे ते आदल्या दिवशीच्या बातम्यांत येतं. हॉलतिकिटाबरोबर तेही बघा.

सेंटर पवईला असेल तर कांजूरमार्गला उतरायचं. अंधेरीला असेल तर घाटकोपरहून मेट्रो. ही २०१४ पासून चालू आहे आणि पश्चिम-मध्य अशा दोन्ही लाइनी जोडते, त्यामुळं दादरला जाऊन गाडी बदलायला नको. अर्ध्या तासाच्या आत अंधेरी. आता आरे ते कफ परेड भुयारी मेट्रोही पूर्ण झाली आहे, ऑक्टोबर २०२५ पासून. विमानतळ, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), दादर, सीएसएमटी सगळं तिच्यावर आहे. तिकीट लोकलपेक्षा महाग, लोकलला दादर ते सीएसएमटी पाच रुपयांत होतं. पण परीक्षेच्या दिवशी घाम न येता पोचणं हे त्या पैशांपेक्षा मोठं आहे.

विजापूर रोड

भाचीसाठी. लेडीज डब्यात चढलीस की कुणीतरी विचारेल, "कुठं उतरणार?" ती चौकशी नाही. तुझी जागा तू उतरल्यावर तिला पाहिजे असते. स्टेशनचं नाव सांग. तूही तसंच विचार, उभं राहायची वेळ कमी येईल.

फर्स्ट क्लासच्या डब्यावर बाहेरून तिरके पट्टे असतात, सेकंडचं तिकीट असेल तर त्यात चढायचं नाही, दंड होतो. उतरायचं स्टेशन यायच्या दोन स्टेशनं आधी दाराकडं सरक, आणि प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येतो ते शेजारणीला विचार. मी कितीतरी बायकांना विचारलं असेल, एकीनंही तोंड फिरवलं नाही. उलट कडेवर मूल होतं तेव्हा अनोळखी बाईनं माझी पिशवी रॅकवरून हातोहात दारापर्यंत पोचवली.

सैफुल

पावसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. आपण पावसाची वाट बघणारी माणसं, त्यामुळं मुंबईचा पाऊस आपल्या अंदाजात बसत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. आपल्याकडं वर्षभरात एवढा होत नाही. मी त्या दिवशी कुर्ल्याला मुलाकडं होतो. तेव्हापासून जून ते सप्टेंबरमध्ये जायचं असलं की भरतीची वेळ बघून निघतो. मोठ्या भरतीला समुद्राची पातळी चढते, नाल्यांचं पाणी समुद्रात उतरत नाही, आणि त्याच वेळी जोराचा पाऊस झाला की हिंदमाता, शीव, कुर्ला तुंबतात. पावसाळ्यात भरतीची वेळ आणि उंची बातम्यांत येते. साडेचार मीटरच्या वर असेल आणि पाऊस लागलेला असेल, तर मुक्काम असेल तिथंच थांबा. तुंबलेल्या पाण्यातून चालत निघू नका, झाकण उघडं असलं तर वरून दिसत नाही.

विजापूर वेस

ट्रॅव्हल्सनं जाणाऱ्यांनी चेंबूरला मैत्री पार्कशी उतरावं. तिथून उपनगरात जायला रिक्षा मिळते. बेस्टच्या बसवर नंबर मराठी आकड्यांत असतो, तो आपल्याला लांबूनही वाचता येतो. घारापुरीला पोरांना न्यायचं असेल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात.

परतीची सिद्धेश्वर सीएसएमटीहून रात्री साडेदहा-पावणेअकराला. लोकलचे प्लॅटफॉर्म एका टोकाला आणि लांबच्या गाड्यांचे दुसऱ्या टोकाला आहेत. टॅक्सीनं येत असाल तर पी. डिमेलो रोडच्या बाजूनं सोडायला सांगा, सामान घेऊन सगळं स्टेशन ओलांडायचं वाचतं. ठाणे-कल्याणकडं उतरलेल्यांनी उलटं सीएसएमटीला येऊच नये. गाडी तिथंही थांबते, फक्त तिकिटावर चढायचं स्टेशन तेच टाका.